लाकडी ताटातले चोवीस तुकडे

घड्याळजींना सगळी गल्ली लंबक म्हणायची, आणि तेही तोंडावर. चालताना हा माणूस असा डोलायचा की समोरून येणाऱ्याने त्यावर आपलं घड्याळ लावून घ्यावं. हात मात्र दगडासारखे स्थिर. तर या लंबकांच्या मेंदूत, उजव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती अलगद काढली. शुद्धीवर येताच लंबक काय म्हणाले असतील? "या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक लंगडतेय. कोणाचं लक्ष आहे की नाही?" घरच्यांचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत आहे म्हणायचं!

होतंच शाबूत. वीस वर्षांपूर्वी कोणाच्या घड्याळाची स्प्रिंग बदलली, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. पण घरी आले ते बरोबर संशयाचं भूत घेऊनच.

पहिला आळ बायकोवर. "आज वाटी ठेवायची विसरलीस?"

"अहो, ही काय!" तिने ताट जरासं फिरवलं आणि वाटी हजर. लंबक तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने पदराखालून काढली. मग दाराची चौकट रोज डाव्या खांद्याला लागू लागली. "मी दवाखान्यात असताना सुतार येऊन गेला का गं?" एके दिवशी एकाच गालाची दाढी करून ते ऐटीत दुकानात गेले, आणि गिऱ्हाईक हसलं तर म्हणाले, घरचा आरसा कोणीतरी बदललाय.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. खरी ठिणगी पडली ती दुकानात.

दुकान दोघा भावांचं. थोरला लंबक, धाकट्याला सगळे धाकटा म्हणत, केस पांढरे झाले तरी. लंबकांची कामाची एक रीत होती, वडिलांनी शिकवलेली. खिळीवर फिरणारं गोल लाकडी ताट, त्याच्या कडेने बारा खळगे. सुटा केलेला तुकडा आपल्या पुढ्यातल्या खळग्यात ठेवायचा, ताट एक घर पुढे सरकवायचं, मग पुढचा तुकडा. पुन्हा जोडण्याआधी ताट थांबवून सगळे एकदा मोजायचे. चाळीस वर्षांत एक स्क्रू हरवला नव्हता.

आता रोज हरवू लागले. शाळेच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. चोवीस तुकडे काढले, दर खळग्यात दोन-दोन, मोजले, तर चौदा! लंबक ओरडले. धाकटा धावत आला, ताटाला हात लावला, ताट फिरलं. "दादा, आहेत की सगळे!"

ताट फिरत असतानाच लंबकांनी पुन्हा मोजलं. मघाशी नव्हते ते आता दिसत होते. म्हणजे याने घेतले आणि बोभाटा होताच परत ठेवले! मनात पक्कं बसलं. त्यातून संध्याकाळी पडद्याआड बायको आणि धाकटा कुजबुजताना कानावर आलं, "वहिनी, दादाला आत्ताच सांगायला नको. पटणार नाही त्याला."

काय पटणार नाही? मला वेडा ठरवून खुर्ची घेणार, दुसरं काय! मागच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे करून "घड्याळाची तबकडी काढा" म्हटलं होतं. घड्याळजीला तबकडी! त्यांनी रागारागाने बारापासून सहापर्यंत आकडे टाकले आणि पेन्सिल आपटली. "झाली." बाईंनी काही लिहून घेतलं आणि बायकोकडे बघितलं. त्या बघण्यातच सगळा कट आहे, असं त्यांना वाटलं होतं.

सकाळी त्यांनी धाकट्याला सांगितलं, "आज दुकानात पाय ठेवायचा नाहीस. चोर सापडला तर ठीक, नाहीतर उद्यापासून तू तुझ्या वाटेने, मी माझ्या."

"दादा, कसला चोर?"

"तेच बघतो."

धाकटा पायरीवर जाऊन बसला. लंबकांनी आतून कडी घातली, खिडकी लावली, शाळेचं घड्याळ पुन्हा सुटं करायला घेतलं. प्रत्येक तुकडा मोठ्याने मोजून ठेवला, ताट सरकवलं. चोवीस. मग हात मांडीवर ठेवले आणि ताट थांबवून मोजलं.

चौदा.

कडी तशीच. खिडकी तशीच. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, स्वतःचे खिसे उलटे केले. बंद खोलीत एकच माणूस, आणि चोरी तर झालेली!

तेवढ्यात बायकोने दार वाजवलं. त्यांनी तिला आत घेतलं, पुन्हा कडी लावली, समोर बसवलं. "मोज."

तिने बोट ठेवत मोजले. "चोवीस."

"तूही त्याला सामील!"

तिने ताटाला एक बोट लावून हळूच अर्धा फेरा दिला. दडलेले दहा तुकडे उजवीकडून एकेक करत उगवले. आणि मघाचे चौदा? त्यांतले बरेच गेले, डावीकडे. लंबकांनी ताट उलटं फिरवलं. परत सुलटं. कितीतरी वेळ.

"डोळे बरे आहेत हो तुमचे," ती म्हणाली. "मेंदू डावी बाजू हिशेबात धरत नाही, असं बाई म्हणाल्या. सांगितलं तर तुम्ही आम्हालाच वेडं ठरवलं असतं."

"ठरवलंच होतं," लंबक म्हणाले. मग विचारलं, "त्या कागदावर मी सातपासूनचे आकडे घातलेच नाहीत?"

"नाही."

लंबक उठले, कडी काढली, बाहेर पडताना चौकटीला डावा खांदा आपटून घेतला. "धाकट्या, चोर सापडला. माझ्याच डावीकडे राहतो. तिथे खुर्ची टाकून बस आणि लक्ष ठेव त्याच्यावर."

"दादा, मला दुकानातून हाकललंय ना?"

"तोंड आवर आणि बस!"

बायकोने टेबलाच्या डाव्या कडेला लाल दोरा ताणून खिळ्यांनी बसवला. दोरा दिसेपर्यंत मान वळवायची आणि ताट फिरवतच मोजायचं, हा नवा नेम. बारीक मनगटी घड्याळं आता धाकटा बघतो, भिंतीवरची लंबक. शाळेचं घड्याळ न्यायला शिपाई आला तेव्हा ते ठणठणीत चालत होतं. लंबकांनी ते कागदात गुंडाळलं, मग पुन्हा सोडलं.

"माझा कोणावर संशय नाही हो," ते शिपायाला म्हणाले, "पण नवाचा आकडा जागेवर आहे का, तेवढं एकदा बघून घ्या."