चतुराबाईचं पथ्य

वडीगोद्रीत कुणाला विळा लागला की दवाखान्याआधी चतुराबाईचं दार वाजायचं. बांधावरचा दगडीपाला तळहातावर चुरगाळून ती जखमेवर रस पिळायची, चिंधी बांधायची आणि बजावायची, "वांगं खायचं न्हाई." पैसा घेत नसे. रिवाज एवढाच, की गुण आला तर तिच्या दारात नारळ फोडायचा. बारक्या जखमांचं रक्त थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उगाच खोटं कशाला बोलू? पण ज्याची जखम चिघळली, तो नारळ घेऊन कशाला येतोय? तो गुमान जालन्याची एसटी धरायचा. म्हणजे तिच्या औषधाचा पुरावा काय, तर दारातल्या करवंट्या! चिघळलेला पाय दाखवायला कुणी आलाच, तर ती म्हणायची, "पथ्य मोडलंस." बिचारा मान खाली घालून जायचा. वांगं कुणाच्या घरात शिजत नाही?

ब्याण्णव साली तिच्या नवऱ्याच्या, रामरावांच्या, टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, पाला बांधला, पण जखम भरेना. रामराव वांग्याच्या वाफ्याकडेही फिरकले नव्हते. टाच काळी पडत गेली, तशी बाई त्यांच्यावरच उखडली.

"खरं सांगा, कुठं खाल्लं? लग्नाच्या पंगतीत?"

"तुझ्या गळ्याशपथ, न्हाई खाल्लं."

"मंग जखम का भरून न्हाई राह्यली?"

नवऱ्याचा घास न घास तपासला तिनं, रक्त मात्र तपासलं नाही. ताप चढल्यावर जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर आहे, किती वर्षांची कोण जाणे. अशा माणसाच्या पायाची बारीक जखमही पाल्यावर सोडायची नसते. गुडघ्याखाली पाय कापला. मला अजून संताप येतो.

रामराव कुबड्या घेऊन घरी आले, तोवर गावानं निकाल लावला होता: म्हाताऱ्याची जीभ चळली. पारावर पोरंसोरं हसायची. एकदा माझ्यासमोरच त्यांनी बायकोला हात जोडले.

"पाय गेला तो गेला. पण एकदा चारचौघांत म्हण, ह्यानं पथ्य मोडलं न्हवतं."

चतुराबाईचे डोळे भरले, नाही असं नाही.

"म्हणले असते वो," ती म्हणाली. "पण मंग आधी ज्यांना ज्यांना मोडलं म्हणले, त्यांना काय सांगू?"

रामरावांनी मागितलेलं ते एक वाक्य तिनं ते असेपर्यंत कधीच उच्चारलं नाही. रामरावांच्या मातीला आलेले लोकही त्यांच्या जिभेलाच नावं ठेवत होते.