आधी पुस्तक, मग तिकीट

क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोरच्या फलकावर नव्या सिनेमाची जाहिरात दिसली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कादंबरीवर आधारित’. मला दम निघेना. तिथूनच अक्कांना फोन लावला. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि सिनेमाच्या बाबतीत माझी पक्की वैरीण. फोन त्यांच्या मुलानं, मिलिंदनं उचलला. त्याला बोलूच न देता मी सुटले, “अरे, आईला दे लवकर, तिला सांग, भांडायची तयारी कर...”

“मामी,” तो म्हणाला, “आई गेली. आत्ताच. चहा मागितला होता तिनं...”

महिना झाला या गोष्टीला. लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण अक्का आठवल्या की अंगात तरतरीच येते. बाईच तशी होती. सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी परिचारिका म्हणून काढली, पण पर्समध्ये औषधं कमी आणि कादंबऱ्या जास्त. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, गावातल्या बौद्धवाड्यात संध्याकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे. वाचायचं ते मोठ्यानं आणि चार जणांत, ही सवय अक्कांना तिथली.

लग्न होऊन मी गारखेड्याला आले, त्याच आठवड्यात अक्का एक जाडजूड पुस्तक घेऊन हजर. “रेखा, रविवारी आपल्याला ह्याचा सिनेमा बघायचाय. तोवर वाचून संपव.” नव्या नवरीला कुठला वेळ? मी तशीच गेले. अंधारात अक्का माझ्या कानाशी लागल्या, “आता बघ, हिचा बाप येतोय. आता बघ, चिठ्ठी फाडणार.” पुढच्या रांगेतले गृहस्थ शेवटी वळून म्हणाले, “बाई, थोडं आम्हालाही बघू द्या की!”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “अक्का, मी आधी सिनेमाच बघणार. काय होईल ते माहीत नसलं की छातीत धडधडतं. आणि नंतर पुस्तक वाचलं की सिनेमात न मावलेलं हाती लागतं.” अक्का रस्त्यातच थांबल्या. “अगं, सिनेमा दुसऱ्या कुणीतरी बघितलेला असतोय. पुस्तक आपण बघतो. आधी त्यांचं बघितलंस तर तुझं काय राहिलं?” मला वाटलं, हट्ट आहे नुसता. पण पुढे एकदा आम्ही एक सिनेमा पाहिला, त्यातली नायिका गोरीपान होती. मध्यंतरात अक्का समोशाला हात लावेनात. “पुस्तकात ती सावळी हाय गं, आपल्यासारखी. तू आधी वाचलं असतंस तर तुला कळलं असतं, आपल्यातून कोण काढून नेली ते.” मी घरी येऊन ते पुस्तक वाचलं, आणि ती बाई मला खरंच माझ्या आईसारखी दिसली.

तरी भांडण चालूच राहिलं, वर्षानुवर्षं. मग अक्कांना साखरेचा त्रास झाला, डोळे अधू झाले. अक्षरं पुसट दिसू लागली. नेमका तेव्हाच, एका खेड्यातल्या सुईणीवरच्या कादंबरीचा सिनेमा येणार असं कळलं. जन्मभर गावची बाळंतपणं करणारी ही बाई म्हातारपणी घर सोडून निघते. अक्कांचा जीव वरखाली. “तू वाच, मी ऐकते.” रोज दुपारी मी पुंडलिकनगरला त्यांच्याकडे जायची. बाळंतपणाच्या प्रसंगात त्या मला थांबवून म्हणायच्या, “बरोबर लिहिलंय,” नाहीतर, “नाय नाय, असं नसतंय, ह्यानं कधी बघितलेलं नाय.” शेवटचं प्रकरण उरलं आणि अक्कांनी माझा हात धरला. “राहू दे. शेवट पडद्यावर बघू.”

“अक्का, तुम्ही?” मी ओरडलेच.

“व्हय. तुझी ती धडधड कशी असतीय, एकदा बघू दे मला.”

सिनेमा लागला तशी दुपारच्या खेळाला गेलो. पडदा त्यांना धूसरच दिसत होता, पण शेवट जवळ आला तसं त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. सुईण अर्ध्या वाटेवरून परत येते, सून दार उघडते, म्हातारी उंबऱ्यावर बसते... संपलं. अक्का लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. शेजारच्या हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागवून मी तिथंच त्यांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. पुस्तकात ती परतत नाही. एसटीत बसते, गाडी सुटते, बस्स. मी थरारून म्हणाले, “अक्का, पुस्तकाचाच शेवट खरा! तिला जाऊ द्यायला पाहिजे होतं.”

“जाऊन राहील कुठं?” अक्का उसळल्या. “सगळ्या गावाची उठबस केली तिनं. थकलेल्या बाईला टेकायला जागा नको? लेखकानं वाऱ्यावर सोडली तिला. सिनेमावाल्यांनी घर दिलं.”

“अहो, तिनंच सोडलं ना घर!”

“तू कधी रात्रपाळी करून आलीयस का? मग मला सांगू नको.”

आम्ही बाजू बदलल्या होत्या, आणि दोघींच्याही ते लक्षात येत नव्हतं. चहावाला हसत उभा होता. लक्षात आलं तेव्हा अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. “रेखा, लई मजा आली गं,” म्हणाल्या. आमचा तो शेवटचा सिनेमा.

मिलिंदनं त्यांची खोली तशीच ठेवली आहे. खिडकीशी खाट, वर पुस्तकांची फळी. मागच्या रविवारी आम्ही गेलो होतो. आमच्या ह्यांनी आयुष्यात कादंबरी वाचली नाही, सिनेमात घोरतात. ते बहिणीच्या खाटेवर बसले. मग फळीवरचं एक पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “वाच.” मी वाचू लागले. दोन प्रकरणं झाली तरी डुलकी नाही. एकाएकी म्हणाले, “हा पोरगा शेवटी परत येतोय का? तू सिनेमा बघितला असशील ना ह्याचा?”

बघितला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“थांब. सांगू नको... वाच पुढं.”

मिलिंद स्वयंपाकघरातून खुर्ची ओढत आला आणि दारातच बसला. मी पान उलटलं.