गौरीने मागवलेले पुरण

देवीवर रागावण्याचा अधिकार भक्ताला असतो की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र रागावले होते. यजमानांचे वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पहिल्याच गौरींना धाकट्या जाऊबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि अत्यंत मार्दवाने म्हणाल्या, "वहिनी, इतकी वर्षं नैवेद्य केलात. आता आपण विश्रांती घ्या." विधवेच्या हातचे गौरीला चालत नाही, हे आमच्या कसबा पेठेत असेच सांगतात. मी स्वभावाने भिडस्त. "बरं" म्हटले, दार लावले आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बसले.

त्या दिवसांत माझ्याकडे मार्सेला उतरली होती. ती अर्जेंटिनाची, आफ्रिकी वंशाची शेफ. मी आयुष्यभर स्पॅनिश शिकवले, म्हणून तिच्या पाककृतींच्या पुस्तकाचा अनुवाद माझ्याकडे आला होता. "आपल्या देशात काळे लोक उरलेच नाहीत," असे तिच्या शाळेतल्या बाईंनी भर वर्गात, तिच्यादेखत सांगितले होते. तिची आजी ब्वेनोस आयर्समधल्या एका श्रीमंत घरी जन्मभर रांधत राहिली आणि पाहुणे वाखाणत राहिले ते मालकिणीला. मार्सेलाने पुस्तकात त्या प्रत्येक पदार्थाला आजीचे नाव दिले.

गौरीजेवणाच्या सकाळी तिने पुरण शिकण्याचा हट्ट धरला. जाऊबाईंचे बोलणे सांगून मी नको म्हणत होते, ती ऐकेना. रागातच मी डाळ शिजवली, गूळ घातला, उलथने उभे राहीपर्यंत आटवले. तिने सवयीने चमचा तोंडाकडे नेला. मी तिचे मनगट धरले. "आधी तिला."

"माझी आजी चाखायची, पण तिला टेबलावर बसता येत नसे," मार्सेला म्हणाली. "तू तर चाखतही नाहीस, तरी तुला बाहेर ठेवतात. हे कोण ठरवतं? ती?" तिने देव्हाऱ्याकडे पाहिले.

तेवढ्यात दार वाजले. जाऊबाई. घाईत त्यांनी अर्धकच्च्या डाळीत गूळ ओतला होता. मग ती कसली शिजते?

"वहिनी, सवाष्णी येऊन बसल्यात. जिन्यात पुरणाचा वास आला. द्या, पोळ्या मी लाटते."

"आता चालतं वाटतं माझ्या हातचं?"

"अहो, अडचण देव समजून घेतो."

"अडचण नसताना त्याची समज कुठे जाते?" माझा आवाज मलाच परका वाटला. "पोळ्या मीच करीन, नैवेद्यही मीच दाखवीन. चालत नसेल तर आपली डाळ वाढा गौरीला."

त्या वाटेतून बाजूला झाल्या. पोळ्या घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले आणि गौरीपुढे ताट ठेवून त्याभोवती पाणी फिरवले. मार्सेलाचे पान मी पंगतीच्या मध्यावर मांडले.

याला मी चमत्कार म्हणत नाही. गूळ लवकर पडला की डाळ कडकच राहते. परंतु त्याच सकाळी माझ्या चुलीवर पुरण तयार असावे, ही त्या माउलीचीच इच्छा, असे मी मानते आणि तिचे ऋण मानते. राग अजून गेलेला नाही. शरण जायचे ते तिला, तिच्या नावाने दार अडवणाऱ्यांना नव्हे, एवढे त्या दिवशी तिच्या पायांवर डोके ठेवताना कळले.