धारेवरचं धुकं

कुमुदिनीच्या हाताला डाग म्हणून खपत नसे. छावणीत उभी हयात गेलेली बाई. नवऱ्याच्या बकलात आणि देवघरातल्या समईत सारखंच तोंड दिसलं पाहिजे, असा तिचा नेम. गाझियाबादच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला, तेव्हा सासऱ्यांबरोबर, म्हणजे खंडेरावांबरोबर, त्यांची जपानी तलवारही आली. ब्रह्मदेशच्या लढाईनंतर त्यांच्या साहेबाने ती त्यांना दिली होती. तेव्हाच ती कित्येक पिढ्या जुनी होती म्हणे.

दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ती घासायचं काम कुमुदिनीकडे आलं. धारेलगत एक दुधट पट्टा होता, टोकापर्यंत वळणं घेत गेलेला. तिला वाटलं, डागच. बकलांचं पॉलिश लावून, वर पॉलिश पेपर फिरवून तिने वर्षानुवर्षं तो काढत आणला. ऑपरेशनचं नाव काढलं की मामंजी म्हणायचे, "आता बघायचं काय राहिलंय माझं?"

एका खंडेनवमीला संग्रामने, तिच्या मुलाने, नोएडातल्या आपल्या कंपनीतल्या जपानी मोरीसाहेबांना घरी आणलं.

"आई, पोह्यांत मिरची कमी हं. बिल्कुल सवय नाहीये त्यांना."

"अरे, साखरच घालते, मग तर झालं?"

मोरीसाहेबांनी आधी तलवारीला वाकून नमस्कार केला. कुमुदिनीला माणूस आपल्यातलाच वाटला. मग त्यांनी रुमालात धरून पातं उजेडाकडे तिरपं केलं आणि आजाऱ्याला तपासावं तसं ते टोकापर्यंत न्याहाळलं. थोड्या वेळाने मुठीतली बांबूची खुंटी काढून त्यांनी मूठ उतरवली आणि पात्याच्या बुडाशी बसवलेली पितळी पट्टी सरकवली. तिच्याखाली, जिथे पॉलिश पेपर कधी पोचलाच नव्हता, तिथे त्या दुधट पट्ट्याचं बोटभर धुकं उरलं होतं. खरंच धुकं, आणि त्यात पहाटे विरत जाणाऱ्या चांदण्यांसारखे बारीक कण.

मोरीसाहेब हळूहळू बोलत गेले, संग्राम मराठीत सांगत गेला. "पातं तापवण्याआधी लोहार त्यावर मातीचा लेप देतो, आई. धारेपाशी पातळ, पाठीला जाड. मग पाण्यात बुडवलं की हे उमटतं. यावरून लोहाराचा हात ओळखतात. मुठीतला गंजसुद्धा मुद्दाम राखतात, त्यावरून वय कळतं."

"मग बाकीचं पातं?"

संग्राम अडखळला. "तिकडचे कारागीर दगडावर घासून परत आणतात म्हणे. पण ही फार झिजलीय."

कुमुदिनीने हात पदरात लपवले.

"धुकं दिसलं का गं त्या पाव्हण्याला?" मामंजींनी खाटेवरून विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, पहाऱ्यावरून आलो की तेच बघत बसायचो मी. गावाकडं नदीवर पडतं ना, तस्सं. तुला दाखवायचं राहूनच गेलं. दिसलं का?"

"दिसलं," ती म्हणाली. बोटभर खरं होतं ते.

मामंजी उठून बसले. "मग मलाही बघायचंय. कराच ते ऑपरेशन."

ऑपरेशनच्या दिवशी ती देवापुढे बसली. 'मामंजींना दृष्टी दे,' एवढंच म्हणायचं होतं, पण तेवढं तिला मागवेना. शेवटी नुसतीच वात सारून ती उठली.

डोळ्यावरची पट्टी निघाली. मामंजींनी तलवार मागितली, खिडकीशी नेली, तिरपी केली, पुन्हा केली. पात्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, पांढऱ्या भुवयांसकट.

"मामंजी, मला तो डाग वाटला हो. मीच..."

"डॉक्टर म्हणालेत ना, डोळा बसायला वेळ लागतो," ते घाईघाईने म्हणाले. "आत्ताच कुठलं दिसायला? छान ठेवलीस हो, सूनबाई."

त्यांनी तलवार म्यानात घातली. पुढच्या खंडेनवमीला ते देवघरातल्या समईच्या वाती वळत बसले, तलवार काही मागितली नाही. कुमुदिनीने कोरड्या फडक्याने म्यान तेवढं पुसलं आणि वर फूल ठेवलं.