पाण्यात नुसतं बसायचं

चाकणच्या त्या हॉटेलात पहिल्यांदा गेले, तेव्हा मी घरून अंघोळ करून निघाले होते. चार परक्या बायकांसमोर अंघोळीला जायचं तर पारोसं कसं जाणार? केस धुतले, नवा परकर घातला, वर घडीची साडी नेसले. लेक गाडीची चावी घेऊन दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "आई, आपण अंघोळीलाच चाललोय गं!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

लेक महाळुंग्याच्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. तिकडच्या साहेबांचं बोलणं आपल्या लोकांना सांगायचं आणि आपल्या लोकांचं साहेबांना, हे तिचं काम. ते साहेब लोक ज्या हॉटेलात राहतात, तिथे तळमजल्यावर गरम पाण्याचा मोठा हौद बांधलाय. सगळ्यांनी मिळून त्यात बसायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. रविवारी सकाळी तो बायकांसाठी राखीव असतो.

मला तिथे का नेलं, ते आधी सांगते. माझे मिस्टर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, ते मागच्या वर्षी गेले. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मीच करत होते. ते गेल्यावर लोक म्हणाले, सुटले बिचारे, आता तुम्हीही आराम करा. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. मला बसताच येईना. जेवताना मध्येच उठायची, कशाला उठले ते आठवायचं नाही, परत बसायची. खांदे आखडून कानाशी आले, बीपी वाढलं. पिंपळे गुरवचे आमचे डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमची ड्युटी संपली, हे तुमच्या शरीराला अजून कळलेलंच नाही."

त्यातच कंपनीने लेकीला दोन वर्षं जपानला पाठवायचं ठरवलं. कॉलेजात असल्यापासून ती भाषा घोकत होती ती याच दिवसासाठी. पण ती म्हणाली, "तुला अशी सोडून मी जाणार नाही. तू जरा स्वस्थ झालेली दिसलीस तर जाईन." महिनाअखेरीला होकार किंवा नकार कळवायचा होता. म्हणजे माझ्या या खांद्यांपायी पोरीचं जाणं अडलं होतं. पन्नास माणसांचा स्वयंपाक कर म्हणाली असती तर पदर खोचून उभी राहिले असते. स्वस्थ हो म्हटल्यावर मी काय करू?

हौदाच्या खोलीबाहेर टॉवेल द्यायला एक बाई बसायची, तिथल्याच जुन्या गावातली. मी परकर छातीवर बांधून आत निघाले, तशी तिने हात आडवा केला.

"मावशी, आत कापडं न्हाई चालत. समदं हितंच काढायचं."

"अहो, नवा आहे परकर."

"नवा आसू द्या न्हाईतर जुना. मलाबी पटत न्हाई, पर नियम हाय."

आमच्याकडे बायका कडी लावलेल्या न्हाणीतसुद्धा परकरावर अंघोळ करतात. कोण बघतंय, हा प्रश्नच नसतो. शेवटी लेक पाठ करून उभी राहिली आणि मी एकदाची त्या टॉवेलात मावेल तेवढी लाज झाकून आत शिरले. परकर तिथल्या टोपलीत ठेवायचा होता. पण अंगावरून उतरलेला कपडा दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही, हे आईने लहानपणी डोक्यात भरलेलं. मी तो बोळा करून काखेत लपवून नेला.

हौदात उतरण्याआधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून अंग धुवायचं असतं. ते झालं आणि माझे हात आपोआप चालू झाले. परकर धुतला, पिळला, हौदाच्या कडेच्या चकचकीत दांडीवर वाळत घातला. मग फरशीवर पाणी दिसलं आणि कोपऱ्यात वायपर दिसला. सगळं पाणी ओढून मोरीत लोटलं. वळून बघते तर हौदात बसलेली एक जपानी बाई, कुठल्या तरी साहेबांची बायको, बसल्या जागी वाकून मला नमस्कार करत होती. लेक गळ्यापर्यंत पाण्यात होती आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"ती तुझे आभार मानतेय," ती हातांच्या आडून म्हणाली.

"मानू दे की. केवढी घसरगुंडी झाली होती!"

त्या दिवशी मी हौदात फक्त पाय सोडले.

पुढच्या रविवारी उतरले. पाणी छान कढत होतं, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला काढतो तसं. पण आमच्याकडे एक दिवसाआड नळाला पाणी येतं, आणि इथे अख्ख्या सोसायटीचं भागेल एवढं पाणी नुसतं बसायला! माझा जीव तिथेच अडकला. लेक म्हणाली, "अंग सैल सोड."

"सोडलंय की."

"गुडघे बघ तुझे."

बघितले. मी टाचा उचलून, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी बसले होते. तेवढ्यात शेजारची वयस्कर जपानी बाई बाहेर निघायला उठली, आणि काही कळायच्या आत माझा हात तिच्या काखेखाली गेला. मिस्टरांना पलंगावरून उचलायची, अगदी तशीच तिला उचलायला गेले. ती केवढ्याने दचकली! चांगली धडधाकट बाई होती. लेकीने तिच्या भाषेत काहीतरी सांगून सावरलं, पण ती माझ्याकडे न बघताच बाहेर गेली. मला फार वाईट वाटलं. माझं शरीर माझं ऐकतच नव्हतं आणि त्याला कसं सांगावं ते मला येत नव्हतं.

मग मी घरी सराव सुरू केला. लेक कामावरून यायच्या वेळेला गॅलरीत खुर्ची टाकायची, पाय लांब करायचे, डोळे मिटायचे. लिफ्टचा आवाज आला की खांदे मुद्दाम खाली पाडायचे. दोन-तीन दिवस तिने बघितलं. माणूस बोलतो काय आणि त्याच्या मनात काय असतं, हे ओळखण्याचाच पगार घेते ती. एक दिवस पर्स खांद्यावरून न काढताच म्हणाली, "आई, तू बसल्याचं काम करतेयस." मी चिडून उठले आणि कुकर लावला.

महिन्यातला शेवटचा रविवार आला. मी मनाशी ठरवलं होतं की आज काही झालं तरी हिला दाखवायचं. हौदावर आम्ही दोघीच होतो. मी स्टुलावर बसून घाईघाईने अंग धुवायला घेतलं तर लेक मागे येऊन बसली.

"पाठ दे. इथे एकमेकींची पाठ धुतात."

"अगं, मीच तुझी घासते. वळ."

"आई, गप बस ना जरा."

तिने पाठीवर कढत पाणी ओतलं. साबण लावलेल्या पंच्याने मानेपासून खाली घासायला लागली, जोर लावून. माझ्या अंगावर दुसऱ्या कुणी पाणी घातलं होतं ते हिच्याच बाळंतपणात. आईने मला पाटावर बसवून तेल जिरवलं होतं आणि तांब्यांमागून तांबे ओतले होते. त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी नाही. मीच सगळ्यांवर पाणी घालत आले.

लेकीने पाठीवर दुसरा तांब्या ओतला आणि माझे खांदे खाली आले. मी आणले नाहीत, आपले आपण आले. मान पुढे गेली, हात मांडीवर गळून पडले, टाचा टेकल्या. आणि मला रडू फुटलं. मिस्टर गेले तेव्हा आल्या-गेल्याचा चहा बघण्यात मी धड रडले नव्हते. आता आवाज आवरेना. टॉवेलवाली बाई दार ढकलून डोकावली. "काय झालं वं? पडल्या का काय?"

"काही नाही, तुम्ही जा," लेक म्हणाली. तिने नळ बंद केला, मागून मला मिठी मारली आणि माझ्या ओल्या केसांत तोंड घालून म्हणाली, "नाही जात मी. उद्याच कळवते त्यांना. तू रडू नकोस."

मला सांगायचं होतं की बाळा, हेच तर ते. खांदे बघ माझे. तुला मी जशी व्हायला हवी होते ना, तशी मी आत्ता या घडीला झालेय. मी आता राहीन एकटी, तू जा. मी दोनदा तोंड उघडलं, पण हुंदक्याशिवाय काही बाहेर येईना. आणि पुढे आलेलं तिचं मनगट मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ते मला सोडता येत नव्हतं.