बोंडावरचं तेल

करडईच्या तेलाची फोडणी बसली की अजूनही माझं लक्ष डाव्या कोपराकडे जातं. आता ते दुखत नाही. पण पुरतं सरळही होत नाही, आणि त्याच्याशी हुज्जत घालणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बाविशीचा होतो. सोलापुरात आमचं चादरींचं दुकान होतं आणि दुकान उघडायच्या आधी, गिरणीचा पहिला भोंगा झाला की मी तालमीत जायचो. कुस्तीत मला गोडी नव्हती. आपल्या छातीवर कुणी बसलेलं मला मुळातच खपत नाही. मी गेलो तो मल्लखांबासाठी. खांबावरून घसरलो तर निदान दोष कुणाचा, हा वाद तरी राहत नाही.

पहिलं वर्ष नुसत्या अढीत गेलं. डोकं खाली, पाय वर, आणि मांड्यांनी खांब आवळून धरायचा. मांड्यांची सालटं निघायची. दुकानात गादीवर मांडी घालून बसताना तोंड वाकडं व्हायचं आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, भाव सांगताना याच्याच जिवावर येतंय. वस्ताद साठीचे होते, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. जमलं तरी "उद्या बगू", पडलं तरी "उद्या बगू". याचा मला भयंकर राग यायचा. दोनदा मी रुसून तालीम सोडली. बोलवायला कुणीच आलं नाही, म्हणून आणखी चिडून परत गेलो. मला टिकवून धरणारी जिद्द वगैरे हीच. तिला चांगलं नाव देता येत नाही, पण तिच्यावर तीन वर्षं निघाली.

तिसऱ्या वर्षी बोंडावरचं मयूरासन जमायला लागलं. खांबाच्या मानेवर, अगदी माथ्याला, जो लाकडी गोळा असतो ते बोंड. त्यावर दोन्ही तळवे रोवून, कोपरं पोटात घेऊन सगळं अंग आडवं तोलायचं. सुरुवातीला नुसते पाय उचलले तरी वस्तादांकडे बघावंसं वाटे, आणि बघितलं की तोल जाई. वस्ताद म्हणाले, "दसऱ्याला लोकांम्होरं कर."

घरी मी ते सांगितलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. आमच्या घरात कानडी, दुकानात मराठी, आणि तालमीबद्दल अप्पांकडे दोन्ही भाषांत एकच मत होतं: झाडावर माकडं चढतात. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "त्या खांबाला काय लावतात?"

"तेल," मी म्हणालो. एरंडेलाचा जेमतेम हात फिरवायचा आणि फडक्यानं पुसून काढायचं, हे सांगायचं राहिलं. ते विचारताहेत यातच मी गार झालो होतो.

खंडेनवमीला दुकानात आम्ही कापड मोजायच्या गजाची आणि कात्रीची पूजा केली. तालमीतही त्या दिवशी गदा, जोड्या, मल्लखांब सगळ्यांची पूजा होते, आणि पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्यारांचा विसाव्याचा दिवस. दुपारी मी गादीवर असताना अप्पा एकटेच तालमीत गेले. त्यांच्या हातात घाण्यावरून आणलेल्या करडईच्या तेलाचा तांब्या होता. वस्तादांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः शिडी धरली. अप्पांनी शिडीवर चढून, देवाला अभ्यंग घालावं तसं, बोंडापासून खाली तेल जिरवलं, झेंडूची माळ घातली, विभूती लावली आणि मला काही न सांगता घरी आले.

दसऱ्याच्या सकाळी वस्तादांनी माळ काढली आणि हात पोचेल तितका खांब पुसला. त्याच्या वर पुसायचं त्या गर्दीत कुणाला सुचलं नाही. मानेशी पोचलो तेव्हा जरा जास्तच निसटतंय असं वाटलं. पण खाली माणसं होती आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांत अप्पा होते. मी बोंडावर तळवे रोवले, पाय उचलले, आणि डावा हात सुटला.

कुस्तीच्या हौदातल्या मऊ मातीत पडलो असतो तर निभावलं असतं. पडलो तो कडेच्या फरशीवर.

दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलं तेव्हा तळव्याला वास येत होता. तो वास मी जन्मापासून ओळखत होतो. अप्पांनीही ओळखला. ते माझ्या उशाशी बसले होते. त्यांनी माझा तळवा उपरण्यानं पुसला, पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवसापासून घरात शेंगतेल यायला लागलं. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, करडईनं पित्त होतं. साठ वर्षं त्यांना ते झालं नव्हतं.

प्लॅस्टर काढलं तेव्हा हात वाळक्या फांदीसारखा झाला होता. मी तालमीत गेलो तो सरळ खांबाकडे. वस्ताद आडवे आले. "तितं न्हाय. भितीला हात लाव."

"भिंतीला? तीन वर्षं करून?"

"व्हय की. भितीला लाव, आन् ढकल."

मी भिंत ढकलत राहिलो. शेजारी कालची पोरं अढी घेत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. भिंतीवरून बाकावर, बाकावरून जमिनीवर. अर्धा दंड निघाला त्या दिवशी मला वाटलं, आता जिंकलो. दुसऱ्या दिवशी कोपर सुजलं आणि पुन्हा भिंत. असं कितीदा झालं ते आठवत नाही, आठवायची इच्छाही नाही. पूर्वी रुसून घरी बसता येत होतं. आता घरी बसलो की समोर अप्पा बसलेले असायचे. माझा हात वाकडा दिसला की नजर ताटात घालणारे. मी सांगून पाहिलं, "अप्पा, तुमची चूक नाही, मीच नीट सांगितलं नव्हतं." ते उठून हात धुवायला गेले. तेव्हा कळलं, बोलून हे फिटणारं नाही. मला पुन्हा त्या बोंडावर जायला हवं होतं आणि त्यांनी ते बघायला हवं होतं. नाहीतर हा माणूस माझं कोपर छातीवर घेऊनच जाणार होता.

पावसाळ्यात मी खांबावर चढलो. मानेपाशी पोचलो की तिथंच अडायचो. हात धरत होता, मीच धरत नव्हतो. रोज थोडा वेळ वर नुसता थांबून खाली यायचो. वस्ताद म्हणायचे, "उद्या बगू." या वेळी राग आला नाही. त्यांनी रोज उद्या ठेवला होता माझ्यासाठी, हे इतक्या उशिरा लक्षात आलं.

पुढच्या दसऱ्याला मी अप्पांना "या" म्हणालो नाही. ते आपणच आले. माझं नाव पुकारलं तसे ते गर्दीतून पुढे झाले, भिंतीकडची शिडी ओढत आणली, खांबाला लावली आणि वर चढले. खांद्यावरचं कोरं उपरणं काढून त्यांनी बोंड पुसलं, मान पुसली, पायरी पायरी उतरत पार खालपर्यंत पुसलं. चार माणसांत, बाजारात नाव असलेल्या माणसानं. कुणी हसलं नाही. मग ते शिडी बाजूला करून खांबाशी, फरशीच्या बाजूला उभे राहिले.

मी वर गेलो. तळवे रोवले, कोपरं पोटात घेतली, पाय उचलले. डावं कोपर वाकडं होतं, म्हणून अंगही जरासं वाकडंच तोललं गेलं. पण तोललं गेलं. खाली बघायचं नसतं. मी बघितलं. अप्पा दोन्ही हात पसरून उभे होते, मला झेलायला.

"साकु," ते कानडीत ओरडले, पुरे. "इळी, साकु!" उतर आता.

मी आणखी थोडा वेळ तसाच राहिलो, त्यांना नीट दिसावं म्हणून. उतरलो तेव्हा ते रडत होते आणि माझंही तेच चाललं होतं. वस्ताद आम्हा दोघांकडे बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "जमलं" म्हणाले.

घरी जाताना अप्पा घाण्यापाशी थांबले आणि करडईच्या तेलाचा तांब्या भरून घेतला.