जुनी आवृत्ती आणि सोसायटीतल्या मावशी

पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेची दुसरी आवृत्ती कधीच निवृत्त झाली होती. ज्यांनी ती बनवली त्यांनीही तिच्याकडे पाठ फिरवली होती. तिला अजून सांभाळत बसलेली, माझ्या समजुतीप्रमाणे, मी एकटीच होते.

पनवेलच्या एसटी स्टँडमागे आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. खाडीकाठच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी आम्ही एक साधा प्रोग्राम केला होता. होडी निघताना तिच्यावर कोण कोण चढलं त्याची यादी करायची आणि होडी परतली की एकेका नावापुढे खूण करायची, एवढंच त्याचं काम. सगळ्या नावांपुढे खूण झाली की यादी पडद्यावरून मिटते. बहुतेक सोसायट्यांनी नवीन कॉम्प्युटर घेतले होते. एक-दोन ठिकाणी मात्र जुनी मशीन होती, त्यांच्यावर ती दुसरी आवृत्तीच चाले आणि त्यांच्यापायी मला प्रत्येक बदल दोनदा लिहावा लागे, दोनदा तपासावा लागे. मला त्याचा मनापासून वैताग यायचा. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात दोनदा तेच काम म्हणजे बघायलाच नको.

शेवटी मी ऑफिसात नियम मांडला. दोन महिने जुन्या मशीनवरून कोणी प्रोग्राम उघडला नाही, तर जुन्या आवृत्तीला रामराम. बाकीचे दोघे माझ्याशी वाद घालायला कंटाळले होते, त्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांची नोंद काढली तर जुन्या मशीनवरून एकदाही वापर नाही. मी खुशीत सगळ्यांना बटाटेवडे खिलवले आणि फक्त नव्या मशीनवर चालणारी आवृत्ती सगळीकडे पाठवून दिली. ती इंटरनेटवरून आपोआप प्रत्येक मशीनवर जाऊन बसते. जुन्या मशीनवर बसली की प्रोग्राम उघडतच नाही.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उरणकडच्या एका सोसायटीतून फोन आला. तिथल्या यादीचं सगळं काम एक मावशी बघत. प्रोग्राम शिकवायला गेले होते तेव्हापासून त्या मला बाय म्हणत, आणि गेलं की सुक्या बोंबलांची पिशवी दिल्याशिवाय सोडत नसत.

"बाय, तुजा प्रोग्राम उघडत नाय," त्या म्हणाल्या. "होड्या निंगायच्या हायत."

"पण मावशी, दोन महिने तुम्ही तो उघडलाच नव्हता."

"दोन महिने मासेमारी बंद नाय का? होड्या वर वढलेल्या. मी कोनाची यादी करू?"

मी कपाळावर हात मारला. जन्म पनवेलमध्ये गेला. दरवर्षी जून-जुलैत बाजारात ताजं पापलेट मिळत नाही म्हणून सगळ्यात जास्त कुरकुर मीच करते. आणि कोळ्यांचा प्रोग्राम कोणी वापरतं का, हे बघायला मी नेमके तेच दोन महिने निवडले होते. ऑफिसातल्या दोघांनी कालचे उरलेले वडे माझ्याकडे सरकवले.

लॅपटॉप घेऊन मी उरणची एसटी पकडली. कंटेनरच्या गाड्यांमागे अडकत पोचले तेव्हा मावशी वहीत हातानं याद्या लिहीत होत्या. रागावल्या नव्हत्या. पण टेबलाखाली नवाकोरा कॉम्प्युटर खोक्यातच पडलेला दिसला आणि माझंच डोकं तापलं.

"मावशी, हा कधी आणला?"

"झाली की दोन वर्सं."

"मग लावला का नाही? ह्याच्यावर सगळं नीट चाललं असतं."

त्यांनी आधी विजेचं कारण सांगितलं, मग टेबल छोटं असल्याचं. मी ऐकून घेत नाही असं दिसल्यावर म्हणाल्या, "आदी जुनं उघडून दे. मंग दाकवते."

जुनी आवृत्ती परत बसवायला अर्धा तास लागला. पडद्यावर सगळ्यात वर काही वर्षांपूर्वीची एक यादी अजून उघडी होती. तिच्यात सात नावं होती आणि सहांपुढे परतल्याची खूण होती. सातवं नाव मावशींच्या धाकट्या भावाचं. त्या फेरीत तो पाण्यात पडला आणि सापडलाच नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचं नाव रोज सकाळी त्यांच्या समोर येतं, हे ठाऊक नव्हतं.

"शेजारच्या गावात नवा कॉम्पुटर हाय," त्या म्हणाल्या. "तितं जुन्या याद्या दिसत नाय. मी इचारलं तं बोलले, म्हयन्यानं आपोआप मिटतात."

तो नियम माझाच होता. खुणा करायला लोक विसरतात, पडदा भरून जातो, म्हणून मी तीस दिवसांनी उरलेल्या सगळ्या नावांपुढे आपोआप 'परत आले' लिहायची सोय केली होती, आणि दोनदा लिहायच्या कंटाळ्यानं ती एवढी एक सोय फक्त नव्या आवृत्तीत घातली होती. स्वच्छ पडद्याचं मला फार कौतुक होतं.

"म्हंजे त्याला तू परत आला लिवनार?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होत्या.

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

तिथेच त्यांच्या टेबलावर बसून मी तो नियम काढून टाकला. माणसानं स्वतः खूण केल्याशिवाय कोणतीही यादी मिटणार नाही, असं केलं, फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्या सोसायट्यांसाठी. मग खोकं फोडून नवा कॉम्प्युटर जोडला आणि जुन्या याद्या त्याच्यावर आणल्या. मावशींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. सगळ्यात वर ती यादी होती. सातव्या नावापुढची जागा रिकामी होती. त्यांनी ती बोट लावून पाहिली.

"आता तुजं जुनं बंद कर," त्या म्हणाल्या, आणि दारात थांबलेल्या तांडेलाला त्याच्या होडीवरची नावं सांगायला आत बोलावलं.